टेपा फिरवल्या, त्याची हकिकत

तीर्थरूप गोरक्षदादास,

धाकट्या सिंधूचा वाकून नमस्कार. आईचा गुडघा कसा हाय? वहिनीची कंबर? मागावर बसून तुझे डोळे दुखत होते, थेंब टाकतो का? इकडं नाशकात मी आन् सायली बऱ्या हाव. (सायलीला दोन दात आले. मी बरी नाय, पण पत्रात बरीच लिवत्यात.) फोनच करणार होते, पण यंत्रं सगळं लिवून ठेवत्यात हे कळल्यापासून मी फोनवर खोकतबी नाय.

तुला ठाव हाय, मी कंपनीत झाडलोट करते. तिथं कम्प्युटरची एक खोली हाय, आत जानेवारीवानी गार. कोणी काय उघडलं, काय खोडलं, ते कम्प्युटर आपणहून लिवतो. त्याला लॉग म्हणत्यात. ते लय साचलं की टेपांवर उतरवून कपाटात ठेवायचं. टेप म्हणजे गाण्याच्या कॅसेटसारखी, जरा जाड. हे काम महेश साहेबांचं. पण त्यांना त्या खोलीत सर्दी होती, म्हणून मागल्या वर्सी मला चावी देऊन म्हणले, "सिंधूताई, दर शुक्रवारी टेपा फिरवायच्या." मी विचारलं, "सगळ्या?" ते मोबाईलमधी बघत म्हणले, "सगळ्या. एकामागं एक. मशीनला हात लावायचा नाय."

दादा, मी फिरवल्या. सायलीच्या दुपट्याच्या पिशवीत घालून कॅन्टीनपासून गेटापर्यंत, लिंबाला वळसा घालून परत कपाटात. मला वाटलं, एवढ्या गारठ्यात ठेवल्यात, त्यांना वारं लागाया पायजे. गेटावरचा सहादूभाऊ म्हणायचा, "काय गं, निघाली का वरात?" पावसात छत्री धरली, पण एक शुक्रवार चुकवला नाय. रजिस्टरात महेश साहेब लिवायचे 'टेपा फिरवल्या' आन् सही करायचे. त्यावर बडे साहेब सही करायचे. खोलीत दोघंबी कधी आले नाय.

आता पुण्याहून तपासणीला मंजुषा मॅडम आल्या. दिवाळीत कोणीतरी कम्प्युटरातलं काहीतरी खोडलं, ते कोणी, हे त्यांना टेपेवर बघायचं होतं. बारा टेपा लावल्या, बाराच्या बारा कोऱ्या. एकच टेप वर्सभर मशीनमधी बसलेली, तिच्यावरच पुसून पुसून लिवलेलं. फिरवायच्या म्हणजे आळीपाळीनं मशीनमधी घालायच्या, हे मला त्या दिवशी कळलं. (बडे साहेबांना काय लय वाईट वाटल्यावानी दिसलं नाय.)

मग दोघा साहेबांनी मला चहा पाजला. दादा, तिथंच मी ओळखलं. म्हणले, "सिंधूताई, तुम्हाला टेप इनचार्ज केलंय. कायमची नोकरी. इथं सही करा." मी कागद वाचला. तारीख मागल्या वर्साची! म्हणजे वर्सभर इनचार्ज मी, गुन्हाबी माझा. नाय म्हणलं तर नोकरी जाती, हो म्हणलं तर मी जाते. आत गेलं तर दूधपितं लेकरू संगं नेता येतं का, तेवढं कोणाला तरी विचार. सोमवारी मॅडमसमोर सही करायची हाय.

आईला यातलं काय सांगू नको. वहिनीला नमस्कार.

तुझी,
सिंधू

ता. क. पत्र टाकायचं राहिलं. आज सोमवार. मॅडमसमोर कागद आला तवा मी पेन खाली ठेवलं. तोंडातनं निघून गेलं, "मॅडम, मला लिवता-वाचता येत नाय." मॅडमनी महेश साहेबांकडं पाहिलं. म्हणल्या, "हिला वाचता येत नाही, आणि तुम्ही हिला इनचार्ज केलंत? वर्षभर?" बडे साहेब महेश साहेबांकडं बघाया लागले, महेश साहेब छताकडं. कागद गुपचूप महेश साहेबांच्या खिशात गेला. नोकरी हाय. आता कॅन्टीनमधी पेपर उलटा धरून बसते.

ता. क. दुसरा. म्हणून हे पत्र वाचल्या वाचल्या चुलीत घाल. उत्तर धाडू नको, तूच ये. घराला दिवसा कुलूप असतं म्हणून पोस्टमन पत्र कंपनीच्या गेटावर देतो, आन् तुझं पत्र आलं तर मला ते सहादूभाऊकडून मोठ्यानं वाचून घ्यावं लागंल.