आबांची साक्ष

आबा,

तुम्हाला वाचता येत नव्हतं. घरी आलेलं प्रत्येक कार्ड मीच तुम्हाला वाचून दाखवायचो, आणि त्यात काही वाईट असलं की तेवढं गाळून पुढं जायचो. म्हणजे सनद मिळण्याच्या कितीतरी आधीपासून मी वकिलीच करत होतो म्हणायची. हे पत्र पोस्टात टाकायचा प्रश्न नाही आणि तुमच्यापाशी ते वाचून दाखवायलाही कुणी नाही, म्हणून तर लिहायचं धाडस होतंय. तुम्ही जाऊन चाळीस वर्षं उलटून गेली. माझे गुडघे गेले, दात गेले, जीभ मात्र अजून तशीच चालते. त्या जिभेबद्दलच सांगायचंय.

शिरूरच्या तेलगिरणीच्या गेटवर तुम्ही उभं आयुष्य काढलंत. थोरले शेठ होते तोवर गेटवर तुमचा शब्द चालायचा. कुणाला कामावरून मधेच घरी जायचं असलं तर तो आपला पितळी बिल्ला तुमच्या हातात द्यायचा आणि तुम्ही तो तुमच्या खोलीतल्या दोन खिळ्यांपैकी एकावर अडकवायचात. वरचा खिळा तुम्ही 'जा' म्हटलेल्याचा, खालचा तुम्ही 'नको' म्हणत असताना गेलेल्याचा. संध्याकाळी शेठ येऊन भिंतीकडं एकदा बघायचे, झाला त्यांचा हिशोब. शाळा सुटली की मी त्याच खोलीत बसून पाढे म्हणायचो, त्यामुळं मला हे आपसूक ठाऊक झालं. पुढं थोरले शेठ गेले, धाकटे पुण्याहून शिकून आले आणि त्यांनी गेटवर रजिस्टर आणून ठेवलं. नोंदी कारकुनानं करायच्या आणि नोंदीशिवाय कुणाला सोडायचं नाही असा हुकूम काढला. तुम्ही मान डोलावलीत आणि बिल्ले खिळ्यांवरच लावत राहिलात. रजिस्टर म्हणजे पाहुणे आल्यावर अंथरायची चादर, असं तुम्ही घरी म्हणायचात. कारकुनाला सवड असली तर तो लिहायचा, नसली तर नाही, आणि खुद्द धाकट्या शेठनाही त्याचं काही वाटत नसे.

मी वकील झालो तेव्हा तुम्ही मला एस्टीनं दौंडला नेलंत. तिथं रेल्वेच्या टीसींचे काळे कोट शिवणारा शिंपी होता. काळ्या कापडात त्याचा हात बसलाय, असं तुमचं म्हणणं. माप घेताना तुम्ही त्याला दोनदा बजावलंत, "टीसीचा न्हाई, वकिलाचा शिवा." शिंपी म्हणाला, दोन्हींत फरक काय? तुम्ही म्हणालात, "टीसी चुकलेल्याला धरतो. वकील सोडवतो." शिंपी हसला, मीही हसलो. तो कोट घालून मी पहिलं वकीलपत्र घेतलं ते धाकट्या शेठचं. माझ्या शिक्षणाला थोरल्या शेठनी हात दिला होता, खाल्ल्या मिठाला जागायला नको का, असं मी तुम्हाला म्हणालो आणि तुम्हालाही ते पटलं. पुढं मालकांचा वकील म्हणूनच माझं नाव झालं. त्याची मला लाज नाही आबा, मालकालाही वकील लागतो, आणि काही मालक खरंच बरोबर असतात. या एका प्रकरणात नव्हते, एवढंच.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षातली गोष्ट. गिरणीच्या बॉयलरवर एक तरणा गडी होता, तुमच्याशेजारी बसून भाकरी खायचा. त्यानं कामगारांची युनियन बांधायला घेतली आणि धाकट्या शेठच्या तो डोळ्यांत सलायला लागला. त्याची बायको पहिल्या बाळंतपणाला दौंडला माहेरी गेली होती. एका दुपारी निरोप आला की ती अडली आहे, ताबडतोब या. त्यानं बॉयलर जोडीदाराच्या ताब्यात दिला, गेटवर येऊन बिल्ला तुमच्या हातात ठेवला. कारकून जेवायला गेला होता. तुम्ही म्हणालात, "जा तू. हितं मी हाय न्हवं." बायको वाचली, मूल वाचलं नाही. तिसऱ्या दिवशी तो परत आला तर गेटवर कागद लावलेला: विनापरवाना बॉयलर सोडून गेल्याबद्दल कामावरून कमी. शेठनं कागद मला विचारूनच लिहिला होता. शब्द माझे होते.

प्रकरण पुण्याला कामगार न्यायालयात गेलं. तिथं तेव्हा नियम असा, की कामगाराच्या बाजूनं संमती असल्याशिवाय मालकाला वकील उभा करता येत नाही. युनियनच्या माणसानं त्या गड्याला बजावलं होतं, संमती अजिबात द्यायची नाही, शेठला बोलू दे स्वतःच. शेठ कोर्टात तोंडावर पडला असता, हे मलाही ठाऊक होतं. तो गडी संमतीचा कागद घेऊन तुमच्याकडं आला. तुम्ही अंगणात बाजेवर बसला होता, मी दारात उभा होतो. "आबा, काय करू?" म्हणाला. तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि त्याला म्हणालात, "दे सही. माझा पोरगा हाय. खोटं बोलायचा न्हाई." त्यानं बाजेच्या कडेवर कागद ठेवून सही केली. वर मलाच म्हणाला, "आपल्या घरचाच वकील झाला की मग." मी चहा घेऊन जा म्हणालो. तो कागद हातात घेताना मला बरं वाटलं, आबा. वाईट नाही, बरं वाटलं. ते आधी सांगून टाकतो.

साक्षीच्या दिवशी सकाळी आई चुलीपुढं भाकरी थापत होती आणि तुम्ही धुतलेलं धोतर नेसून तिच्याशेजारी बसला होता. तुम्हाला शेठच्या बाजूचा साक्षीदार म्हणून मी बोलावलं होतं. तुम्ही म्हणालात, "बिल्ला वरच्या खिळ्यावर लावलाय बरं का म्या. आजून तितंच हाय." मी म्हणालो, "ठीक आहे. पण कोर्टात विचारलं तेवढंच सांगायचं असतं, आबा. जास्त बोललं की साहेब रागावतात." तुम्ही म्हणालात, "व्हय, तू इचारशील तसं." आईनं माझ्याकडं एकदा वर बघितलं. तिला काही कळलं असेल का, हे मी तिलाही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, म्हणूनच विचारलं नाही.

तुम्ही पिंजऱ्यात उभे राहिलात, टोपी सरळ केलीत. मी तीन प्रश्न विचारले. नोंद झाल्याशिवाय गेटबाहेर सोडायचं नाही असा शेठचा हुकूम होता का? "व्हय." हा इसम त्या दुपारी तुमच्यासमोर बाहेर गेला का? "व्हय." त्या वेळी रजिस्टरात त्याची नोंद झाली का? "न्हाई." आणि मी खाली बसलो. तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. शाळेत गुरुजींनी अर्धीच कविता म्हणायला लावल्यावर पोर बघतं, तसे. युनियनचा माणूस उलटतपासाला उठला आणि त्या गड्यानं त्याची बाही धरून त्याला खाली ओढलं. मी जवळच होतो, मला ऐकू आलं. "आबांना उलट इचारायचं न्हाई. वडीलमाणूस हाय. त्यांना खोटं पाडल्यासारखं हुतं. ते आपणहून सांगतील." युनियनचा माणूस दातओठ खात राहिला, पण केस त्याची नव्हती. "उलटतपास नाही," म्हणाला. तुम्ही साहेबांकडं वळून म्हणालात, "मला आजून सांगायचं हाय." साहेब म्हणाले, "विचारलं तेवढंच, बाबा. उतरा खाली." तुम्ही उतरलात. तो गडी उलटतपास होऊ देणार नाही हे मला आधीपासून ठाऊक होतं, आबा. आपल्याकडं वडीलधाऱ्याला चारचौघांत उलट प्रश्न कुणी करत नाही, आणि माझी सगळी केस तेवढ्यावर उभी होती.

परतीच्या एस्टीत तुम्ही खिडकीकडं तोंड करून बसलात. शिक्रापूर मागं पडल्यावर बोललात.

"मला वाटलं, आता इचारशील."

"तो प्रश्न दुसऱ्या बाजूनं विचारायचा असतो, आबा. कोर्टाची रीत आहे ती."

"दुसऱ्या बाजूला खिळा ठाऊक न्हवता. तुला ठाऊक व्हता."

"मी एक अक्षर खोटं बोललो नाही."

"न्हाई बोललास," तुम्ही म्हणालात. "तेच म्हंतोय मी."

पुढं त्या गड्याची साक्ष झाली. आबांना विचारून गेलो होतो, असं त्यानं सांगितलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, गेटवरचा माणूस इथं साक्षीला येऊन गेला, त्याला या बाबतीत यांनी एकही प्रश्न केला नाही, तेव्हा ही निव्वळ पश्चातबुद्धी आहे. कायद्यानं माझं बरोबर होतं. साहेबांनी ते वाक्य जसंच्या तसं निकालात घेतलं. त्याचं काम गेलं, युनियन बसली, शेठनं पेढे पाठवले. तुम्ही पेढ्याला हात लावला नाहीत आणि दुसऱ्या दिवशी गेटवर गेला नाहीत. धाकटे शेठ घरी समजूत घालायला आले तर तुम्ही एवढंच म्हणालात, "माझा शब्द चालत न्हाई, मग तितं बसून काय करू?" माझ्याशी तुम्ही बोलायचात, जेवलास का, पाणी आलं का, सगळं बोलायचात. पण त्यानंतर आलेलं कार्ड तुम्ही शेजारच्या मास्तरांकडून वाचून घ्यायचात. मला ते लागलं, आणि लागलं याचाच मला राग आला. आपलेच दात आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

तो गडी दौंडला सासुरवाडीच्या आधारानं राहिला, रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करायला लागला. तुम्ही गेलात तेव्हा तो आला, खांदा दिला, आणि नदीवरून परतताना माझ्याशेजारून चालता चालता त्यानं सांगितलं. निकालानंतरच्या आठवड्यात तुम्ही दौंडला त्याच्या दारात गेला होता. "आत या म्हणलं, तर आलं न्हाईत. उंबऱ्याच्या भाईरच बसलं. म्हणलं, तुला शब्द दिला आन् माझ्याच्यानं पाळला गेला न्हाई. माझी बायको रडाया लागली. माणूस असा दारात बसल्यावर काय करायचं, वकीलसाहेब?" त्याच्या आवाजात राग नव्हता. मला वाटत होतं, यानं चार शिव्या द्याव्यात, गचांडी धरावी. तो म्हणाला, "तुमच्यावर आबांचा लई जीव व्हता," आणि दौंडची गाडी चुकेल म्हणून झपाझपा पुढं गेला. त्याला गाठून काही बोलायचं माझ्याच्यानं झालं नाही. वर्षानुवर्षं दौंडला कामं काढली, मालधक्क्याकडं एकदाही वळलो नाही.

त्यानंतर मी शेकड्यांनी केसेस चालवल्या, आबा. नवीन वकिलांना शिकवायला मला बोलावतात. साक्षीदाराची तपासणी कशी करावी, यावर मी बोलतो. तीन प्रश्न विचारायचे आणि चौथ्याच्या आधी खाली बसायचं, हे सांगताना मी दर वेळी तीच साक्ष सांगतो. छान रंगवून सांगतो. पोरं हसतात, लिहून घेतात. माझ्या नावाबरोबर तो किस्सा पुणे जिल्हाभर फिरलाय. गेल्या महिन्यात एक पोरगी मागच्या बाकावरून उठली, माझ्या नातीच्या वयाची असेल. तिनं विचारलं, "सर, तो साक्षीदार कोण होता?"

मी म्हणालो, "होता कुणीतरी गेटवरचा म्हातारा."