वीस तारखेच्या आत

३ नोव्हेंबर
आज आलेलं: दूध दोन लिटर, १२०. वातींचा कापूस, ३५. कणीक पाच किलो, २४०. ह्यांच्या चष्म्याची काडी बसवून, ५०. गाडीच्या कंपनीचं जाड गुळगुळीत पाकीट, फुकट. आतला आकडा मात्र १,१८,०००.

गाडीची तीन वर्षांची वॉरंटी ह्या वीस तारखेला संपते. पुढची दोन वर्षं हवी असतील तर त्याच्या आत एवढे भरायचे. गाडी ह्यांनी रिटायर झाल्यावर घेतली. चाळीस वर्षं पुलांची ड्रॉइंग्ज काढली, एकदा तरी झोकात पुलावरून जाऊ दे म्हणाले. मी आयुष्यात एकदाच नको म्हणायला विसरले. मागच्या सर्व्हिसिंगला नुसतं ऑइल बदलायचे ३८,०००. तेवढ्यात माझं मॅट्रिकपर्यंतचं शिक्षण तीनदा झालं असतं.

ह्यांना विचारलं, घ्यायची का वॉरंटी? म्हणाले, हिशेब तुझ्याकडे, तूच ठरव. ठरवीन. सतरा दिवस आहेत.

५ नोव्हेंबर
टेकडीवर दर्शनाला गेलो. शेवटच्या चढावर गाडीला हिसका बसला. इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी जागची हलेना. मग मागे आली. हातभरच. ह्यांनी ब्रेक दाबला. मी जप मोडला नाही.

घरी आल्यावर हे म्हणाले, उद्याच कंपनीत दाखवतो. मी म्हटलं, मुळीच नाही. आत्ता दाखवलं की हिसका त्यांच्या कम्प्युटरवर चढणार. मग वॉरंटीचा भाव वाढवतील, नाहीतर देणारच नाहीत. आधी माझं ठरू दे. घ्यायची ठरली तर घेतल्यावर हिसका दाखवू. नाही ठरली तर हिसका नव्हताच.
ह्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. पटलं असावं.

७ नोव्हेंबर
शोरूममधल्या मुलीचा फोन. आवाज असा की पाक गळावा. मी तिचं नाव गोडबोली ठेवलंय. म्हणाली, काकू, वॉरंटी घ्या न घ्या, पण गाडीची काही तक्रार असली तर वीसच्या आत घेऊन या, एक पैसा लागणार नाही.
एक पैसा लागणार नाही! अडतीस हजारांचं ऑइल ओतणारी माणसं ही. म्हटलं, गाडी अगदी ठणठणीत आहे हो. खोटं बोलल्याबद्दल एक माळ जास्त केली.

९ नोव्हेंबर, दुपारी
नाक्यावरच्या फिटरला सहज विचारलं. माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, त्यांची गाडी चढावर मागे येते. फिटर म्हणाला, त्या बाईंना सांगा, वॉरंटी आहे तोवर कंपनीत न्या. नंतर गियरबॉक्स उघडायचा म्हणजे साडेचार लाख. मी म्हटलं, बाई बऱ्यापैकी श्रद्धाळू आहेत. म्हणाला, असू देत की, पण एकदा का घाटात गियर सुटला आणि ब्रेक तापले... आणि हात पुसत बसला. वाक्य पुरं केलंच नाही. अर्धवट बोलायची सवयच असते ह्या लोकांना.

११ नोव्हेंबर
गाडीत ह्यांच्या समोर पिवळा दिवा लागलाय. बंद होत नाही. सारखा तिकडे डोळा जातो, मग गाडी चालवणाऱ्याचं लक्ष कसं लागेल? पाकिटातला देवाचा छोटा फोटो काढला आणि बरोबर त्या दिव्यावर चिकटवला. आता कसं प्रसन्न वाटतं. हे म्हणाले, अगं, दिवा आहे त्याच्या मागे. म्हटलं, देवाच्या मागे उजेड असायचाच.
पूर्वी अशा बोलण्याला हसायचे.

१४ नोव्हेंबर
प्रश्न शेवटी योग्य जागी नेला. स्नान करून देवापुढे तीन चिठ्ठ्या टाकल्या. घे, नको, थांब. डोळे मिटून उचलली. घे. पण समईत तेल कमी होतं हे नंतर लक्षात आलं, म्हणून ती धरली नाही. तेल घालून पुन्हा. घे. त्याच वेळी दाराची बेल वाजली, चित्त विचलित झालं. तिसऱ्यांदा मनापासून हात जोडले. थांब.
स्पष्ट कौल. थांबणार.

१७ नोव्हेंबर
एक तोड सुचली. १,१८,००० परक्याला कशाला द्यायचे? घरचीच वॉरंटी काढली. बिस्किटांच्या जुन्या डब्यात दरमहा १,००० टाकायचे. एका कागदावर अटी लिहिल्या: टायर, काचा, वायपर, हॉर्न ह्यांची जबाबदारी डब्यावर. गियरबॉक्स धरलेला नाही. आधीपासून असलेला दोष कुठलीच कंपनी धरत नाही, मग मी का धरू?
ह्यांना सही करायला दिला. वाचला, चष्मा काढला, काच पुसली, पुन्हा वाचला. म्हणाले, म्हणजे तुला माहीत आहे. मी म्हटलं, काय? म्हणाले, काही नाही. सही केली.

२० नोव्हेंबर
गोडबोलीचे चार फोन. शेवटचा साडेपाचला. काकू, सहाला आमची सिस्टीम बंद होते, मग माझ्या हातात काही राहत नाही हो, निदान गाडी तरी पाठवा, मी तक्रार नोंदवून ठेवते. पहिल्यांदाच तिच्या आवाजात पाक नव्हता. म्हटलं, पूजा आटोपते आणि सांगते. देवापुढे बसले. मन इतकं रमलं की डोळे उघडले तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.
निर्णय वरूनच झाला. १,१८,००० जमेच्या बाजूला लिहिले. हे खाली जाऊन बंद गाडीत बसून आले.

२२ नोव्हेंबर
मोठ्या भाऊजींचं पत्र. ह्यांचे थोरले भाऊ, घाटापलीकडे एकटेच राहतात. तिथे आणि घाटात फोन लागत नाही. खोकला छातीत उतरलाय, एकदा येऊन जा म्हणतात. हे म्हणाले, बसने जातो. बसचे जाऊन-येऊन ६४०! म्हटलं, दारात एवढी गाडी उभी असताना तुम्ही बसने लोंबकळत जाणार? लोक काय म्हणतील? आणि उभी राहूनच गाड्या बिघडतात. म्हणाले, अगं, घाट आहे. म्हटलं, हळू चालवा.
चाळीस वर्षांत माझा शब्द मोडला नाही त्यांनी.

२४ नोव्हेंबर, सकाळी सात
निघाले. डबा दिला, भाऊजींसाठी काढ्याची पूड दिली, अंगारा लावला. हे दाराला हात लावून उभे राहिले, बसेनात. मीच म्हटलं, ऊन व्हायच्या आत पोचा. फोटोच्या कडेने लाल उजेड येत होता. परवापर्यंत पिवळा होता. देवाचं तेज वाढलं म्हणायचं. गाडी वळणावर गेली तरी इंजिनचा आवाज ऐकू येत होता. मग एकदम थांबला. लांब गेली असणार.
बाराला पोचतील. संध्याकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे चिठ्ठी देतो म्हणालेत.

२५ नोव्हेंबर
तिकडून काल संध्याकाळी सुटलेली बस आज पहाटे आली. चिठ्ठी नाही. ड्रायव्हरला विचारलं, वाटेत करड्या रंगाची मोठी गाडी दिसली का? म्हणाला, आजी, घाटात धुकं होतं, माझंच बॉनेट मला दिसत नव्हतं.
भाऊजींकडे चिठ्ठीला कागद नसेल. चिकटच आहेत ते.

२६ नोव्हेंबर, सकाळी
फिटरकडे गेले. ह्या वेळी ओळखीच्या बाईंचं नाव काढलं नाही. लाल दिवा म्हणजे काय, विचारलं. तो उठून उभा राहिला. म्हणाला, लाल असेल तर गाडी जागची हलवायची नसते, काकू. कुठे आहे गाडी?
म्हटलं, परवा घाटापलीकडे निघाली, भाऊजींकडे. तो आणि त्याचा भाऊ जीप घेऊन घाटाकडे गेलेत. पैसे विचारले नाहीत त्यांनी, मीही विचारले नाहीत. दहाच्या बसने हे पत्र धाडतेय. आधी इथे उतरवून घेते.

तीर्थरूप भाऊजींना साष्टांग नमस्कार. हे परवा सकाळी सातला गाडीने तुमच्याकडे निघाले. बसने जातो म्हणत होते. मीच पाठवलं. गाडीत दोष होता आणि तो मला माहीत होता, हेही लिहून ठेवते. तिकीट लावलेलं पाकीट सोबत आहे. जास्त लिहू नका, तुम्हाला खोकला आहे. हे पोचले की नाही, तेवढं उलट टपाली कळवा.