सायलसची जागा

४ नोव्हेंबर १८७१
आजपासून मी इंजिनावर आगवाला, भट्टीत कोळसा घालणारा! नेब्रास्कातल्या या नव्या गावात धड रस्तेही नाहीत, पण रूळ आहेत; आणि रुळांवरचा सगळ्यात नावाजलेला ड्रायव्हर, एझ्रा पेंडल्टन, माझ्या वाट्याला आला. खाणावळीच्या हुल्डाबाई मक्याची भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "म्हातारा तुसडा आहे हो ओरिन, पण एकदा आपलं म्हटलं की पोटच्या पोरासारखं जपतो." मला बाप आठवत नाही. जेवण दुप्पट गेलं.

९ नोव्हेंबर
माझ्याआधीचा आगवाला सायलस मागच्या हिवाळ्यात धावत्या इंजिनावरून पडला, चाकाखाली गेला. त्याचे हातमोजे अजून खिळ्याला टांगलेले आहेत. काढू का विचारलं, तर एझ्रा म्हणाला, राहू देत, त्याला थंडी सोसत नाही.
दिवसभर एझ्राचं तेच. सायलसची भट्टी अशी पेटायची, सायलसला सांगावं लागायचं नाही. मेलेल्या माणसाशी चढाओढ करायची तरी कशी?

१७ नोव्हेंबर
चढावर वाफ कमी पडत होती. मी पाणी बघायला वळलो. परत पाहतो तो भट्टी लालभडक, कोळसा नीट पसरलेला. मी फावड्याला हातही लावला नव्हता. एझ्रा म्हणाला, शाब्बास पोरा. मी हसून वर पाहिलं. तो माझ्या खांद्यापलीकडे पाहत होता.

२२ नोव्हेंबर
भीती वाटायला हवी होती. राग आला.
एझ्राने सफरचंद कापलं. अर्धं स्वतः खाल्लं, अर्धं मागच्या कोळशाच्या ढिगावर ठेवलं. मला विचारलंसुद्धा नाही. नंतर पाहिलं – कोळशावर काही नव्हतं.

२५ नोव्हेंबर
हातमोजे भट्टीत टाकले. एझ्राने पाहिलं, रागावला नाही. एवढंच म्हणाला, की तोही तुझ्यावर जळतो. तुझ्यासारखाच.

२७ नोव्हेंबर
फावडं हातातून ओढलं जातं. पाठीत ढोपर बसतं – मागे कोणी नाही. एझ्राला सांगितलं, एक तर तो, नाही तर मी. तो म्हणाला, बघू.

२८, दुपार
गाडी भरधाव. इंजिनाचं बाजूचं दार आपोआप उघडलं – माझी कॉलर धरली आहे, मी एका हाताने दांडा – वही गुडघ्यावर –
एझ्राला हाक मारली. त्याने पाहिलं. हात पुढे केला. मी पोचतोय तोवर – हात माझ्याकडे नाही, माझ्या मागे –
म्हणतो आहे, ये बाळा, बस तुझ्या जा