देवांचे नियम मी ठरवतो

३ फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळ

संपलं. मेहुण्याशी संबंध संपले. फक्त मनातून. बायकोचा सख्खा धाकटा भाऊ आहे, वरवर बोलावं लागेल.

काळदाढ मेला. आमच्या शनिवारच्या फाशांच्या खेळातला माझा ड्रॅगन. दीड वर्ष डोक्यात पोसला होता त्याला. त्याची गुहा, त्याचं दुःख, त्याचं चार पानी भाषण. भाषणाचं दुसरं वाक्य चालू असताना मेहुण्याने फासा टाकला आणि म्हणाला, मी मंत्र मारून याची कोंबडी करतो. केली. नियमात बसतं म्हणे. पुस्तक उघडून बघितलं. बसतं.

सगळे हसले. आमच्यात खेळणाऱ्या डेंटिस्टबाई हसून हसून डोळे पुसत होत्या. तिसरा खेळाडू प्लंबर, त्याने कोंबडी किती किलोची भरेल असं विचारलं.

सूड घेणार. इथे लिहून ठेवतो, म्हणजे राग निवला तरी उपयोगी पडेल.

४ फेब्रुवारी, रविवार

शांत डोक्याने विचार केला. चूक माझी नाही, नियमांची आहे. खेळाडूंची पात्रं विसाव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या लेव्हलला पोचली की साध्या रूलबुकचा काही टिकाव लागत नाही. ही माणसं मेलेल्यांना उठवतात, डोंगर सरकवतात, राजाने बोलावलं तर जेवून येतो म्हणतात. त्यांना ड्रॅगन काय आणि पाल काय! आता त्यांना सरळ देवच करायचं आणि देवांसाठी वेगळी सिस्टिम, म्हणजे नियमांचं वेगळं पुस्तक, आणायची. ती मी निवडणार. नाक दाबलं की तोंड उघडतं.

दुपारी बायकोने बातमी आणली. तिचा भाऊ म्हणतोय, सतरा तारखेचा डाव भावोजींना जमला नाही, तर पुढे खेळ चालवणारा गेम मास्टर तो होणार, त्याच्या फ्लॅटवर. बाकी दोघांनी माना डोलावल्या. माझ्याच टेबलावर, माझाच चहा पिऊन!

अरे देवा. एवढी एक खुर्ची आहे माझ्याकडे. आठवडाभर मी औषधांच्या खोक्यांतली माहितीपत्रकं तपासतो, जी जगात कोणी वाचत नाही. घरी काय बोललो ते निम्मं फ्रिजला ऐकू जातं. शनिवारी मात्र तीन माणसं माझं वाक्य संपायची वाट बघतात. बघायची. ती हातांची खुर्ची मी सोडणार नाही.

६ फेब्रुवारी, मंगळवार

पहिली सिस्टिम आणली. उशीसारखं जाड पुस्तक. प्लंबरला बोलावून चाचणी घेतली. मी एक देव, तो एक देव. माझ्या देवाने त्याच्या देवाला गुद्दा मारला. आधी गुद्द्याचा वेग, मग विश्वाची लवचिकता, मग वर्गमूळ. अरे देवा, वर्गमूळ! मध्येच प्लंबरला तुंबलेल्या मोरीचा फोन आला. इतक्या आनंदाने मोरीकडे जाणारा माणूस मी पाहिला नव्हता. गुद्दा अजून हवेतच आहे.

८ फेब्रुवारी, गुरुवार, ऑफिसात

दुसरी सिस्टिम. पातळ. फासे नाहीतच. जो देव सगळ्यांत चांगलं बोलेल तो जिंकतो. मेहुणा विमा विकतो. बाद.

साहेबांनी टेबलापाशी येऊन विचारलं, काय वाचताय. म्हटलं, सर, हा एक खेळ आहे, टेबलाभोवती बसून गोष्ट रचायची, प्रत्येकाचं एक पात्र, काय घडेल ते फासे ठरवतात आणि बाकी सगळ्या जगाची जबाबदारी माझी. साहेब म्हणाले, आधी खोकल्याच्या सिरपची जबाबदारी घ्या, त्यात 'दिवसातून तीनदा'चं 'तीस दा' छापलंय.

माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. मी त्यावर येणारच होतो.

११ फेब्रुवारी, रविवार

सापडली! तिसरी सिस्टिम. देवाची ताकद भक्तांवर. जितके लोक नाव घेतील तितका देव मोठा. ज्याचं नाव कोणी घेत नाही तो वाळतो आणि मरतो.

वाचताक्षणी पूर्ण सूड डोळ्यांपुढे उभा राहिला. काळदाढ परत येतोय, देव होऊन. त्याचं नाव भीतीने तरी घ्यावंच लागेल. मेहुण्याच्या देवाचं नाव मात्र कोणी घ्यायचं नाही. डेंटिस्टबाई आणि प्लंबर दोघांनाही फोन करून पढवलं. बाई म्हणाल्या, बरं. प्लंबर म्हणाला, कोंबडी परत येतेय का.

मूळ नियम ढिला होता, म्हणून मी स्वतःचा घट्ट नियम बसवला: 'टेबलावर बसलेल्या कोणीही, कोणत्याही कारणाने, जाणता-अजाणता, ज्या देवाचं नाव तोंडातून काढलं, त्या देवाची ताकद एकाने वाढेल.' पुन्हा पुन्हा तपासला. मुंगी शिरायला जागा नाही.

बायकोला वाचून दाखवला. काड्या मोजायचं काम तिला दिलंय, एका नावाला काडेपेटीतली एक काडी. ती खेळत नाही, त्यामुळे निःपक्षपाती. तिने विचारलं, कोणीही म्हणजे तूसुद्धा? म्हटलं, अर्थात. गेम मास्टर काय टेबलाखाली बसतो? न्याय म्हणजे न्याय. ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. कौतुक असावं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

सगळ्यांनी आपापले देव कळवले. डेंटिस्टबाईंची वेदनेची देवी. प्लंबरचा पाताळातल्या पाण्याचा देव. मेहुण्याने दोन दिवस घेतले. मग मेसेज. देवाचं नाव: 'देवा'.

बस्स. पुढे मागे काही नाही. नुसतं देवा. कल्पनाशक्तीचा दुष्काळ! अरे देवा, हसून हसून पोट दुखलं. असलं मिळमिळीत नाव कोण कशाला घेईल? बायकोला सांगितलं, तर तिने आणखी एक काडेपेटी आणून ठेवली. काळदाढच्या तयारीसाठी.

१७ फेब्रुवारी, शनिवार, दुपार

नकाशा अंथरला. खुर्चीचे हात पुसले. भाषण आता सहा पानी. आज मेहुणा रडेल. रडला की मी पाणी देणार, मोठ्या मनाने.

१८ फेब्रुवारी, रविवार

काय झालं ते फक्त नोंद म्हणून लिहितो.

काळदाढ ढगांतून उतरला. त्याचं नाव कोणी घेतलंच नाही. 'ते तुमचं जनावर' म्हणत राहिले. मेहुण्याने पढवलं असणार. लोक किती खालच्या थराला जातात!

मग भाषणाची पानं उलटताना माझा चहा नकाशावर सांडला. तोंडातून जे निघायचं ते निघालं. बायकोने मेहुण्यापुढे एक काडी ठेवली. मी विचारलं, ही कसली? तिने माझाच नियम वाचून दाखवला, 'जाणता-अजाणता'वर जरा थांबून. मी म्हटलं, अरे देवा, पण तो उद्गार होता! दुसरी काडी. फासा फ्रिजखाली गेला, तिसरी. मग मी ओठ घट्ट मिटून बसलो. डेंटिस्टबाई म्हणाल्या, असे दात आवळू नका, झिजतात. मी म्हटलं, अरे देवा, बाई, तुम्ही तरी!

पहिली काडेपेटी संपली. बायकोने शांतपणे दुसरी उघडली.

मेहुण्याने काळदाढला मारलं नाही. मारलं असतं तर बरं होतं. त्याची पुन्हा कोंबडी केली आणि तिला स्वतःचं वाहन करून घेतलं. भाषणाचं दुसरं वाक्य मला कोंबडीच्या आवाजात पुरं करावं लागलं. प्लंबर म्हणाला, आजवरचा सगळ्यात भारी डाव. तिघांनीही टाळ्या वाजवल्या. क्षणभर वाटलं, माझ्यासाठी.

सुडाचा हात उगारला, तो आपल्याच गालावर बसला. पुढच्या शनिवारपासून मेहुण्याच्या फ्लॅटवर. खुर्च्या कमी पडतात म्हणून माझी हातांची खुर्ची तोच उचलून घेऊन गेला. जिना अरुंद आहे, दुसरी बाजू मी धरली. खाली पोचल्यावर म्हणाला, "भावोजी, याच. तुमच्याशिवाय मजा नाही. तुमचं पात्र मी करून ठेवलंय."

कोणतं, ते विचारलं नाही. संध्याकाळी मेसेज आला. कोंबडी. पहिली लेव्हल.

जाणार नाही. नाहीच जाणार. गेलोच तर फक्त त्याच्या नियमातल्या फटी शोधायला. पहिल्या लेव्हलच्या कोंबडीला चोच असते, हे त्या शहाण्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही. चोचीचा हल्ला किती लागतो ते आत्ताच बघितलं.

शून्य.

अरे देवा. लिहिता लिहिता तोंडातूनही निघालं वाटतं. आतल्या खोलीत काडेपेटी खुळखुळली.