ब्लँकची नळी

१८ नोव्हें. १९९१, सोम.
पेणकरपाड्याच्या पोल्ट्रीची आमच्या खाद्याबद्दल पुन्हा तक्रार. पिल्लं वाढेनात, रोज टोपलीभर मरतायत. साहेब म्हणाले, "मॅडम, पहिलं फिशमील चेक करा." फिशमील, म्हणजे खाद्यात घालायची सुक्या मासळीची पूड, आपल्या दादाचं, तारोडीहून येतं. मीच कंपनीत लावून दिलं. कुठून अवदसा आठवली!

१९, मंगळ.
प्रोटीन भरपूर. जीव भांड्यात पडला. पण त्या आकड्याचं काय! मालात किती आहे ते कळतं, पिल्लाच्या अंगी किती लागेल ते नाही. जंतूंचीच टेस्ट लावायला हवी. लायसिन हा प्रोटीनमधला वाढीचा घटक; तो मिळाला तरच आमचे जंतू वाढतात आणि नळी गढूळ होते. जंतूंचं कल्चर धुऊन उपाशी ठेवलंय.

२१, गुरु.
दादाच्या नळ्या नितळ. त्याचाच गेल्या वर्षीचा, उन्हात वाळवलेला माल मात्र मस्त गढूळ. म्हणजे दोष त्याने यंदा माल वाळवायला घातलेल्या नव्या भट्टीचा. जास्त भाजलं की लायसिन अडकून बसतं. टेस्ट पुन्हा लावली.

२३, शनि.
पुन्हा तेच.

२४, रवि.
तारोडीला गेले. भट्टीपाशी करपट वास. दादाला तो खमंग वाटतो.
"दादा, आच कमी कर."
"कमी केली तं माल ओला ऱ्हातो, मंग तुझाच साहेब परत धाडतो."
सांगून टाकलं सगळं. हसला. "तुझं किडं खात न्हाय म्हनून माझा माल खराब?"
निघताना हळूच म्हणाला, "तुला शिकवाला मी शाला सोडली. हाय ना ध्यानात?"
आहे. तेच तर...

२६, मंगळ.
तिसऱ्यांदा लावली. वाढा रे बाबांनो, म्हटलं जंतूंना. वेडीच आहे मी.

२७, बुध.
गढूळ! दादाच्या सगळ्या नळ्या! रडूच आलं. साहेब खूश. "मालात काही नाय ना? बस, उद्या रिपोर्ट द्या."
ते गेल्यावर रॅकमधली शेवटची नळी उचलली. ब्लँक. तिच्यात दादाचा माल नाही, लायसिनही नाही. ती नितळच राहायला हवी. तीही गढूळ. काहीतरी घाण शिरली, माझ्याच हातून. दादाच्या नळ्याही त्यानेच गढूळ झाल्या असतील. टेस्ट फुकट गेली.
ब्लँक माझ्याशिवाय कोणी बघत नाही.
मघाशी पेणकरपाड्याचा फोन. "ताई, तेच खाद्य चालू ठेवू का?" उद्या सांगते म्हटलं.
बाकी नळ्या धुतल्या. ब्लँक तेवढी सिंकपाशी उभी करून ठेवलीय.