गिटारची वाटणी

रविवार, ९ मार्च

प्रिय दादा,

तू आणि वहिनी मजेत असाल. मीही मजेत आहे. दातांच्या प्रयोगशाळेत काम भरपूर. सध्या माझ्या टेबलावर इतक्या कवळ्या पडल्यात की सगळ्या मिळून मला हसतायत असं वाटतं.

मी फोन उचलत नाही म्हणून तू रागावलायस, हे वहिनीने कळवलं. कामात होते रे. शिवाय मला तुला सगळं नीट, एका दमात सांगायचं होतं. काल आमच्या गटाचा कार्यक्रम झाला, आणि असा झाला की अजून माझे पाय जमिनीला लागलेले नाहीत!

पण आधी एक कबूल करते. ओरडायचं नाही. तू दिलेली इलेक्ट्रिक गिटार मी उघडली. पोटावरची पट्टी काढली, आतल्या वायरी कापल्या आणि नव्याने जोडल्या. तिच्यात तारांचा आवाज पकडणारे दोन पिकअप आहेत ना, मानेजवळचा गोल, भरदार आवाजाचा आणि घोडीजवळचा सुरीसारखा धारदार. दोघांचा आवाज आतल्या आत एकत्र व्हायचा आणि एकाच वायरने बाहेर पडायचा. मी त्यांची वाटणी करून दिली. आता एका घरात दोन चुली. प्रत्येकाची वायर वेगळी, आवाज मोठा करणारा अँपही वेगळा.

कशाला हा उपद्व्याप, म्हणशील. सांगते.

हात माझा बारीक कामाला सरावलेला, त्यामुळे डाख देताना काही जळलं नाही. जुना जॅक काढून तीन टोकांचा नवा बसवला, गिटार जोडली, तार छेडली, तर मानेजवळचा पिकअप मुका! सगळे सांधे पुन्हा तापवले, वायरी ओढून बघितल्या. छे. वाटलं, तुझी गिटार मी मारली. मग लक्ष गेलं ते वायरीकडे. जॅक नवा, पण वायर मी जुनीच लावली होती. तिच्या पिनेला दोनच टोकं, त्यामुळे तिसऱ्या टोकावरच्या पिकअपचा आवाज ती वरच्या वर गिळत होती. बाजारातून एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन पिना असलेली वायर आणली. दोन अँप खोलीच्या दोन टोकांना ठेवले आणि वाजवलं. दादा, एकटीच "आलं, आलं!" म्हणून किंचाळले. खालच्या काकू जिन्यातून ओरडल्या, "काय आलं गं? पाणी?"

आता हा उपद्व्याप कशाला, ते.

गेले काही महिने मी गाण्यात तालाच्या मागे पडत होते. आमचा ड्रमवाला, ढब्बू, आधी चेष्टा करायचा, मग चिडायला लागला. त्याने दुसऱ्या गिटारवाल्याशी बोलणंही सुरू केलं होतं. मला मास्तरणीकडून कळलं. मास्तरीण म्हणजे आमची गायिका, शाळेत शिकवते. मी म्हणायचे, झोप झाली नाही, सर्दी आहे. सर्दी कसली! थंडीत मला ताप आला होता ना, त्यात डावा कान गेला. नस गेलीय, परत यायची नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. स्टेजवर माझा अँप कायम डावीकडे, उजवीकडे ढब्बूचे ड्रम. मी काय वाजवतेय ते मलाच ऐकू येत नव्हतं.

फोनवर तू माझ्या आवाजावरून क्षणात ओळखलं असतंस. म्हणून उचलला नाही.

काल दुपारी सभागृहात दोन अँप मांडायला लागले, तर साउंडवाला म्हणाला, "गिटारला एकच अँप. दुसऱ्याला जागा नाही, ड्रम हलवावे लागतील."

"आज ही नाटकं नकोत हं," ढब्बू म्हणाला.

गप्प बसले असते तर पुन्हा चाचपडत वाजवावं लागलं असतं. म्हटलं, "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. धारदार आवाजाचा अँप मला उजव्या हाताशी हवाय, माझ्याकडे तोंड करून. दुसरा तिकडे लांब ठेवा, लोकांसाठी."

मास्तरीण म्हणाली, "अगं बाई! हाक मारली तरी वळून बघत नाहीस, मला वाटलं शिष्ट झालीस!" आणि आम्ही दोघी हसत सुटलो. तेवढ्यात मागे खरखर ऐकू आली. ढब्बू घामाघूम होऊन एकटाच ड्रम ओढत होता. "किती सरकवू?" एवढंच म्हणाला.

आणि मग, दादा, काय वाजलं! पहिल्याच गाण्यात माझा प्रत्येक सूर माझ्या हाताशी येऊन उभा. ढब्बूच्या गदारोळातूनही ती धार लख्ख कळत होती. समोरच्यांना एक आवाज इकडून, दुसरा तिकडून. साउंडवाला म्हणाला, "मागे दुसरी गिटार कोण वाजवतंय, म्हणून लोक माना उंचावून बघत होते." शेवटच्या गाण्यात ढब्बूने ठरलेलं सगळं सोडून मला खूण केली: वाजव, थांबू नकोस. मी वाजवत गेले आणि तो माझ्या मागे आला. मी त्याच्या नाही! लोक उभे राहिले.

सामान आवरताना ढब्बू शेजारी येऊन उभा राहिला, उजवीकडून, मुद्दाम. म्हणाला, "त्या दुसऱ्याला मी नाही म्हणून सांगितलं." मी म्हटलं, "ऐकू आलं."

आईला अजून काही ठाऊक नाही. तूच सांग. पण आधी कालचा कार्यक्रम सगळा सांग, लोक उभे राहिले तेही सांग, आणि कानाचं त्यानंतर. ऐकून ती रडायला लागली तर म्हण, तुझी पोरगी काल कधी नव्हे इतकं नीट ऐकून आली.

तुझी,
वाजती-गाजती धाकटी