चौघांच्या टेबलावर

बाई, तुमच्या अंगठीचा टेबलावरचा टक्-टक् आवाज मला अजून ऐकू येतो. कविता शिकवताना तुम्ही पुस्तक मिटायचात आणि अंगठीनं ताल धरायचात. ओळीत थांबायची जागा आली की आवाज थांबायचा, आणि आमचा अख्खा वर्ग श्वास धरून बसायचा. अंधेरीची ती पत्र्याची शाळा, बाहेर कारखान्यांचे भोंगे, आणि आत चाळीस पोरं एका ओळीच्या मधोमध थांबलेली. पुढे मी तिथल्याच औद्योगिक वसाहतीत सुट्या भागांची मापं तपासण्यात उमर काढली, पण त्या टक्-टकवर पाठ झालेलं काही गेलं नाही. मशीनच्या घरघरीतही मनात कविता चालू असायच्या. उपयोग कशाचाच झाला नाही, तो भाग वेगळा.

आज लिहायला बसलो ते त्या रविवारच्या हॉटेलापायी. शाळा सुटून सात-आठ वर्षं झाली होती, वडिलांची गिरणी बंद पडून ते घरी बसले होते, आणि मी तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून पोहे खात होतो. जिच्याविषयी सल्ला मागायला आलो होतो, ती मुलगी तुम्हाला आठवत होतीच. माझ्या दोन वर्षं मागे होती, बौद्ध घरातली, पाठांतरात मला हरवणारी. आमच्या कारखान्याशेजारी औषधांच्या बाटल्यांना लेबलं लावायला यायची. तिच्या भावानं नागपूरकडचं स्थळ जवळजवळ पक्कं केलं होतं. माझ्या आईचं एकच पालुपद, "आपल्यातली बघ." मला तिला एवढंच विचारायचं होतं की घरचे नाही म्हणाले तरी माझ्याशी रजिस्टर लग्न करशील का. पण विचारायचं कुठे? आमच्या खोलीत सहा माणसं, आणि रविवारी नव्या टीव्हीपुढे अर्धी चाळ. "जुहूला नेऊ का?" मी म्हटलं, तर तुम्ही हसलात. "रविवारी जुहूला अख्खी अंधेरी असते रे. तुझी आईच भेटायची भेळ खाताना." "मग आरे कॉलनी?" "तिथे झाडामागून हवालदार निघतो." मग झारा हातात धरून तुम्ही थोड्या लाजलात, बाई. तुम्हाला लाजताना मी तेवढ्या एकदाच पाहिलं. "म्युझियमला ने. घरी सांगायलाही बरं. त्याच्या मागच्या गल्लीत एक हॉटेल आहे, फार महाग नाही, कळकटही नाही. वर फॅमिली रूम आहे, लाकडी पार्टिशनची. लग्नाआधी आम्ही दोघं तिथेच बसायचो. वेटर पडदा ओढून घेतो आणि हाक मारल्याशिवाय येत नाही."

म्युझियममध्ये आम्ही दोन तास फिरलो. काचेआड पेंढा भरलेला धनेश पक्षी होता, त्याच्यापुढे ती बराच वेळ उभी राहिली. "बघ ना, किती ऐटीत बसलाय," म्हणाली. विचारावं असं तिथेच वाटलं, पण एकीकडे शाळेची सहल आणि दुसरीकडे आमच्यावर नजर ठेवून चालणारा पहारेकरी. म्हटलं, आता हॉटेलातच.

तुमचं हॉटेल तिथे नव्हतं, बाई. गल्ली होती, कोपरा होता, आणि हॉटेलच्या जागी गालिच्यांचं दुकान होतं. शेजारचा पानवाला म्हणाला, "वो तो कब का बंद हो गया." पुढे एका ठिकाणी काचेचं दार, बाहेर गणवेशातला दरवान. दाराशी लावलेलं इंग्रजी मेनूकार्ड तिनं वाचलं आणि माझी बाही ओढली. "चल रे, इथे पाणी प्यायलो तरी तुझी वाट लागेल." मग एक इराणी. फॅमिली रूम आहे अशी पाटी होती, पण वर रंगकाम चाललेलं. असं करत करत उन्हाचे फिरत राहिलो. तिच्या चपलेचा अंगठा तुटला, तिनं त्याला सेफ्टीपिन लावली, आणि शेवटी आम्ही एका उडप्याच्या हॉटेलात शिरलो.

जेवणाची गर्दी आहे. वेटर आम्हाला चौघांच्या टेबलावर शेजारी शेजारी बसवतो, आणि पाणी ठेवेपर्यंत समोरच्या रिकाम्या जागी एका गृहस्थाला आणून बसवतो. त्यात गैर काही नाही, मुंबईत असंच जेवतात. कुणी बसू का म्हणून विचारत नाही. गृहस्थ टोपी काढून मांडीवर ठेवतात, राइस प्लेट मागवतात आणि आमच्याकडे पाहून हसतात. "काय, नवीन जोडी वाटतं?"

ती माझ्याकडे बघते. बराच वेळ बघते, असं आता वाटतं. मग त्यांच्याकडे वळून म्हणते, "हो."

"किती दिवस झाले?"

"सहा महिने होतील."

"मग अजून भांडणं नसतील!"

"छे हो, भांडायला बोलावं लागतं. हे बोलतच नाहीत. कविता विचारा, धडाधड म्हणून दाखवतील. कामाचं एक अक्षर तोंडातून निघेल तर शपथ."

गृहस्थ खो खो हसले. आपला पापड त्यांनी तिच्या ताटात ठेवला, "घे पोरी, हे देत नाहीत, तर मी तरी देतो." मीही हसलो. तिनं मला 'हे' म्हटलं होतं. मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं. बाहेर आल्यावर ती फुटपाथवर थांबली. "अजून काही?" म्हणाली. मी म्हटलं, "काही नाही, झकास जेवलो." ती म्हणाली, "चल मग. उशीर होईल."

दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे धावत आलो. हॉटेल गेल्याचं ऐकून तुम्ही क्षणभर खिडकीबाहेर पाहिलंत. मग विचारलंत, "आणि तिला विचारलंस?"

"ती हो म्हणाली, बाई."

"कुणाला?"

मी टेबलावरच्या त्या गृहस्थांचं सगळं सांगितलं. तुम्ही जेवढ्या चिडलात, तेवढ्या वर्गात कधी चिडला नव्हतात. "मूर्खा, ती त्या माणसाला हो म्हणाली! तू विचारावंस म्हणून बिचारी दिवसभर पायपीट करत होती. ऊठ, आत्ताच्या आत्ता जा." गेलो. दार भावानं उघडलं. सकाळीच मावशीकडे नागपूरला पाठवली, म्हणाला. वाईट बोलला नाही. चहासुद्धा विचारला. "आता लग्नालाच या," म्हणाला.

ती परत आली नाही. मी लग्न केलं नाही. तुम्ही तो विषय पुन्हा काढला नाहीत, आणि एका उन्हाळ्यात तुम्हीही गेलात. ती तेव्हा काय म्हणाली असती, हे तुम्हाला माझ्यापेक्षा बरं कळलं असतं. आता विचारायला कुणी उरलेलं नाही. आमची चाळ पाडून टॉवर झाला, त्यात मला दीड खोलीचं घर मिळालं, आणि त्यात मी एकटा. जागाच जागा आहे, बाई. हे पत्र पाकिटात घालणार नाही. घालून पाठवू कुठे?

इथवर लिहिलं आणि बेल वाजली. माझ्याकडे कुणी येत नाही. दारात तिसऱ्या मजल्यावरची मुलगी होती, आणि तिच्यामागे मी कधी न पाहिलेला एक तरुण. "आजोबा, घरी पाहुणे आहेत, खाली सगळे टपून बसलेत. आम्ही तासभर तुमच्याकडे बसू? फक्त बोलायचंय." मी त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं आणि हे शेवटचं स्वयंपाकघरात, ओट्यावर कागद ठेवून लिहितोय. दार मी पूर्ण लावलेलं नाही, माझा कान तिकडे आहे, हे तुमच्यापाशी कबूल करतो. दोघं अजून गप्पच आहेत.